चारचा भोंगा

एमडी मेडिसिनच्या दुसऱ्या वर्षाला होतो, सांगलीत. थीसिसचा विषय होता घोणस चावलेल्या रुग्णांची किडनी. ऊसतोड सुरू झाली की अशा केसेस येतातच. घोणशीच्या विषानं रक्त गोठेनासं होतं. २ मिली रक्त कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवायचं. नळी तिरकी केल्यावर ते वाहिलं, तर सापाच्या विषावरची लस लगेच सुरू. पण लस रक्तात फिरणारं विष तेवढं मारते, किडनीला झालेली इजा भरून काढत नाही. म्हणून 'चावल्यापासून लसीपर्यंतचा वेळ' हा माझ्या तक्त्यातला मुख्य रकाना.

४० केसपेपरवरून तो भरला आणि माझ्या गाइड मॅडमना दाखवला. त्यांनी वरून खाली बोट फिरवलं. "सगळे पूर्ण तासच कसे रे? कुणी सांगितले हे आकडे?"

मला सांगता येईना. कित्येक मीच कॅज्युअल्टीत लिहिले होते. नातेवाईक म्हणायचे "मघाशी", मी लिहायचो १ तास.

त्या मला तशाच वॉर्डात घेऊन गेल्या. आदल्या दिवशी बीडकडची एक ऊसतोड कामगार बाई दाखल झाली होती. लस सकाळी ९ वाजून १० मिनिटांनी. चावून किती वेळ? कागदावर माझ्याच अक्षरात २ तास. मॅडम स्टूल ओढून तिच्या नवऱ्याजवळ बसल्या. किती वाजले होते, असं त्यांनी विचारलंच नाही. "दादा, तेव्हा काय काम चाललं होतं?"

"कारखान्याचा चारचा भोंगा झाला अन् हिनं मोळी उचलली, तवाच." मग मुकादमाला उठवणं, त्याची मोटारसायकल, वाटेतला दवाखाना, तिथं लस नाही.

म्हणजे पाच तासांच्या वर! तिची लघवी जवळजवळ बंद झाली होती, रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बिघडल्याची खूण, चढत होतं. माझ्या तक्त्यात ती 'लवकर लस मिळूनही किडनी बिघडलेली' म्हणून बसणार होती. अशा दहा-बारा बसल्या असत्या, तर लवकर लस देऊन फारसा फरक पडत नाही, असं मी छापून मोकळा झालो असतो. आकडेवारीतली पी-व्हॅल्यू काढायला मी शिकलो होतो. माणसाला वेळ कशी विचारायची, ते नव्हतो शिकलो. फार लाज वाटली.

फॉर्ममध्ये 'वेळ कशावरून ठरवली' हा रकाना घातला, बदल एथिक्स कमिटीपुढे परत नेला. जुन्या रुग्णांना फोन लावले. जे लागले नाहीत त्यांच्यापुढे 'माहीत नाही' लिहिलं, अंदाज नाही.

बाईचं तिसरं डायलिसिस झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा नवरा राउंडआधीच दाराशी उभा होता. "डॉक्टर, लघवी झाली. पावणेसहाला." वॉर्डातलं घड्याळ त्यानं बघून ठेवलं होतं.