मोहरी वाढली

सकाळी पोह्यांच्या फोडणीला तेल तापलं आणि स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, मोहरी वाढलीय बघ."

मी डोंबिवलीची. लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा पहिल्याच महिन्यात त्या म्हणाल्या होत्या, "साखर वाढलीय." मी म्हटलं, "हो, पेपरात वाचलं मी. आता दिवाळीपर्यंत वाढतच जाणार." त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि रिकामा डबा पुढ्यात ठेवला. घरातलं जिन्नस 'संपलं' म्हणायचं नाही, हे त्या दिवशी कळलं. संपलं म्हटलं की खरंच संपतं. म्हणून मीठ वाढतं, तांदूळ वाढतात, बांगडी फुटली तर तीही वाढते आणि देवापुढचा दिवासुद्धा विझत नाही, वाढतो. आमच्या या घरात पंचवीस वर्षांत एकही वस्तू संपलेली नाही. रिकामे डबे मात्र रोज घासायला पडतात.

डोंबिवलीत किराणा म्हणजे महिन्याची यादी. तांदूळ पाच किलो, डाळ दोन किलो, उरलं तर पुढच्या महिन्यात कमी. दोन खोल्यांच्या घरात माणसांनाच जागा नव्हती, पोती कुठं ठेवणार? इथं आल्यावर जिन्याखाली माणसाच्या उंचीची पत्र्याची कोठी पाहिली. वर गोल झाकण, खाली धान्य काढायला वीतभर दार. मला आधी ती पाण्याची टाकीच वाटली. यांनी सांगितलं, "दोन क्विंटल ज्वारी मावते." चार माणसांना दोन क्विंटल ज्वारी कशाला, हा प्रश्न मी तेव्हा विचारला नाही. नव्या सुनेला काही प्रश्न पोटात ठेवावे लागतात.

महाशिवरात्र झाली की सासूबाई भुसार बाजाराच्या वाऱ्या सुरू करतात. रब्बीची ज्वारी तेव्हा येऊ लागते. दुकानदार पोत्यात परखी खुपसून चमचाभर दाणे काढून दाखवतो, ते त्या बघतही नाहीत. पोत्याचं तोंड सोडायला लावतात, कोपरापर्यंत हात आत घालतात, तळाची मूठ वर काढतात. मग एक दाणा दाढेखाली. कट्ट असा आवाज आला तर वाळलेली. नुसताच चेपला तर, "अजून ओली हाय, पंधरा दिवसांनी येते."

"मावशी, मंगळवेढ्याची हाय की ओ, अस्सल मालदांडी."

"सगळेच मंगळवेढ्याची म्हणून सांगतेत. एवढी ज्वारी पिकायला मंगळवेढा केवढा असंल बाबा?"

त्यांचं माहेर मंगळवेढा तालुक्यातलं, त्यामुळे त्यांना हे विचारायचा हक्क आहे. मालदांडीचा ३५-१ हा वाण आमच्याच जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेला आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण सासूबाईंचं मानांकन त्यांच्या दाढेत आहे. दोन-तीन चकरा होतात, भाव पडायची वाट पाहिली जाते आणि एक दिवस टेम्पोतून पोती येतात.

मग गच्ची. एप्रिलात सोलापूरचं ऊन बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतं आणि आम्ही त्याच्या नावानं बोटं मोडतो. पण त्या दिवसांत सासूबाईंना ते ऊन फुकटच्या गड्यासारखं राबवून घ्यायचं असतं. जुन्या सोलापुरी चादरींवर ज्वारी, गहू, मिरच्या, कुरडया. चिमण्या-खारींसाठी काठी घेऊन नातवंडं. दोन-तीन उन्हं खाल्ली की धान्य गार होईस्तोवर थांबायचं. गरम भरलं तर कोठीत घाम धरतं. मग कडुनिंबाचा सुकवलेला पाला, एक थर ज्वारीचा, एक थर पाल्याचा. तूरडाळीला एरंडेलाचा हात.

एका वर्षी मी शहाणपणा केला. त्या बारा दिवस लेकीकडे गेल्या होत्या आणि पंधरा किलो तूरडाळ आलेली. म्हटलं, पॅकिंगची आहे, स्वच्छ दिसतेय, भरून टाकू. एरंडेलाच्या तेलकट हातांचा मला तसाही कंटाळा. पोळ्यापर्यंत सगळं ठीक होतं. गौरी जेवायच्या दिवशी पुरणासाठी डाळ काढायला डबा उघडला तर वरच्या थरावर पिठूळ धूळ आणि त्यातून बारीक तपकिरी भुंगे निवांत फिरायला निघालेले. प्रत्येक डाळीला टाचणीच्या टोकाएवढं भोक. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी सूप घेतलं, माझ्याही हातात एक सूप दिलं. गौरी त्या वर्षी हरभऱ्याच्या डाळीचं पुरण जेवल्या. बहुतेक घरांत तेच असतं म्हणा, पण आमच्याकडं तुरीच्या पुरणाचा मान आहे आणि तो मी मोडला होता.

आता वाटतं, या गावाला साठवायची सवय धान्यानं लावली की पाण्यानं? उजनी धरण ११७ टीएमसीचं, आमच्याच जिल्ह्यात. ते भरलं की फोटो येतात, पूजा होते. आणि आमच्या नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. त्यामुळे इथं घरात माणसं किती यापेक्षा पिंपं किती, याला महत्त्व. पाणी रात्री दीडला येणार असेल तर रात्री दीडला गल्ली जागी. हौद, पिंप, बादल्या, घागरी, शेवटी पातेलीसुद्धा. डोंबिवलीहून माझी बहीण आली की विचारते, "हे सगळे हंडे कशाला भरून ठेवलेत, कार्य आहे का काही?" रोज कार्य असतं बाई, आंघोळीचं.

सासूबाईंच्या माहेरी पेव होतं. जमिनीखाली खोदलेलं, तोंड माणूस उतरेल एवढंच, आत रांजणासारखं फुगीर. कडेनं कडबा-भुश्श्याचा थर, आत ज्वारी, वर दगड आणि माती. चांगल्या जमिनीतलं पेव असेल तर काही वर्षं ज्वारी टिकायची. आत बंद झालेली ज्वारी श्वास घेते, हवेतला प्राणवायू संपतो, मग किडेही मरतात. पण हाच गुण माणसाला मारक. म्हणून पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, अर्धा दिवस हवा खेळू द्यायची, कंदील सोडून पाहायचा. विझला तर थांबायचं. सासूबाई म्हणतात, "कंदील विझला की आमचा आज्जा म्हणायचा, पेव अजून जेवतंय."

मंगळवेढा म्हटलं की दामाजीपंत आलेच. बिदरच्या बादशहाचा मंगळवेढ्यातला अंमलदार, दुष्काळात सरकारी कोठार लोकांना खुलं केलं आणि विठोबानं विठू महाराचं रूप घेऊन बादशहाचे पैसे चुकते केले, ही कथा आपण सगळे ऐकत आलो. तिच्यातलं कोठार उघडणं सगळ्यांना आठवतं. सासूबाई मात्र दरवेळी वेगळंच बोट ठेवतात, "उघडलं ते खरं. पण आधी कुणीतरी भरलं हुतं, म्हणून उघडता आलं."

त्या लग्न होऊन आल्या आणि बहात्तरचा दुष्काळ पडला. खडी फोडायला गेल्या. मजुरीचे पैसे होते, पण बाजारात ज्वारी नव्हती. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची. मालदांडीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला मिलो काय चीज आहे हे त्यांच्याकडूनच ऐकावं. आजही एखादी भाकरी बिघडली, कडेनं चिरली की त्या ताटाकडे बघून एवढंच म्हणतात, "मिलो." आमच्या घरातली ही सगळ्यात मोठी शिवी आहे. कोठी दरवर्षी का भरते, त्याचं उत्तर मला त्या एका शब्दात मिळालं. न विचारता.

पण कोठीची खरी परीक्षा झाली २०२० मध्ये, आणि कोठी नापास झाली. म्हणजे तिचा दोष नव्हता. चोवीस मार्चला रात्री आठला एकवीस दिवसांच्या लॉकडाउनची घोषणा झाली. नऊपर्यंत आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानापुढं ही गर्दी. आमचे हे पिशवी घेऊन निघाले तर सासूबाईंनी दारातूनच परतवलं. "रांग दिसली की मागं फिरायचं. रांगेत घेतलेलं महाग बी पडतं आणि अंगी बी लागत न्हाई." त्यांना भीती नव्हती. ज्वारी नुकतीच आलेली, कोठी गळ्यापर्यंत भरलेली. बाकीचे पॅकेट मोजत होते आणि आम्ही क्विंटलात होतो.

एप्रिल सरता सरता आमच्या बोळाच्या दोन्ही तोंडांना बांबू आणि पत्रे लागले. पत्र्यांच्या पलीकडं गिरणी. गिरणीवाला त्याच्याही पलीकडं, दुसऱ्या बंद बोळात. डब्यातलं पीठ सहा दिवस पुरलं. सातव्या दिवशी आमच्याकडं दोन क्विंटल ज्वारी होती आणि भाकरी नव्हती.

गच्चीच्या कोपऱ्यात जातं होतं. लग्नकार्यात हळद दळायला, एरवी त्याच्यावर तुळशीची कुंडी. कुंडी उतरवली, जातं धुतलं, खुंटा हलत होता तर त्याला चिंधी ठोकली. मी आणि हे समोरासमोर बसलो. पहिला घास घातला, फिरवलं. दाणे जसेच्या तसे बाहेर आले, थोडे घाबरल्यासारखे. सासूबाई खुर्चीवर बसून हसत होत्या. वर्षानुवर्षं जात्याला टाकी लागलेली नव्हती, म्हणजे छिन्नीनं दगडाला खाचा पाडलेल्या नव्हत्या, दगड गुळगुळीत झालेला. टाकी लावणारा आता शोधायचा कुठं, आणि मिळाला तरी पत्रे ओलांडणार कसा? तासभर ओढल्यावर चाळणीखाली चार भाकऱ्यांचं पीठ आणि चाळणीत पातेलंभर भरड. यांच्या तळहाताला फोड. जात्यावरच्या ओव्यांबद्दल शाळेत आम्हाला फार गोड शिकवलं होतं. ओवी म्हणायला दम उरतो कुठून, हे कुणी सांगितलं नव्हतं.

भरड वाया घालवायची नाही म्हणून सासूबाईंनी कण्या शिजवल्या. मीठ घालून रटरटू दिल्या, वर ताक. फोडणी द्यायला गेले तर मोहरी वाढलेली. शंभर ग्रॅमची गोष्ट. ती कोठीत भरत नाहीत, कारण ती काय, कधीही मिळते.

गच्चीच्या भिंतीपलीकडं अक्का राहतात. तेलुगू घर, पिढ्यान् पिढ्या मागावर काम केलेलं. त्यांना हाक मारली. काठीला पिशवी बांधून त्यांनी मोहरीची वाटी इकडं सरकवली. वाटी रिकामी परत करायची नसते, म्हणून तिच्यातच कण्या भरून दिल्या. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून आवाज आला, "अहो, हे तर आमचा जोन्न गटका! आमची आज्जी मागावर बसायच्या आधी हेच खायची." मग रोज वाटी ये-जा करू लागली. एकदा मोहरी, एकदा चहापूड, एकदा चिंच. आमच्याकडून ज्वारी. त्यांच्याकडं मिक्सरचं मोठं भांडं होतं, त्यात ज्वारी जात्यापेक्षा बरी निघायची, हे चौथ्या दिवशी कळलं.

नोव्हेंबर २०१६ ची एक गोष्टही सांगून टाकते, यांना आवडणार नाही तरी. नोटाबंदीनंतर तीन-चार दिवसांनी मीठ मिळणार नाही अशी अफवा उत्तरेकडून उठली आणि व्हॉट्सॲपवरून आमच्या गल्लीत उतरली. देशातलं बहुतेक मीठ शेजारच्या गुजरातेत होतं, समुद्र काही आटलेला नव्हता. तरी हे आठ किलो मीठ घेऊन आले. कारण विचारलं तर म्हणाले, "पाचशेची जुनी नोट घेतो म्हणाला." ते मीठ दीड वर्ष चाललं. साठेबाजी व्यापाऱ्यानं केली तर त्याच्यासाठी १९५५ चा अत्यावश्यक वस्तू कायदा आहे. नवऱ्यासाठी नाही.

अलीकडे हा रोग परदेशीही पोहोचल्याचं कळलं. नणंदेची मुलगी टेक्सासला असते. २० जुलै २०२३ ला सरकारनं बासमती सोडून पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली आणि दोन-तीन दिवसांत तिचा व्हिडिओ कॉल. "मामी, दुकानात घरटी एकच पोतं देतायत. मी रांगेत दीड तास उभी होते." तिघं जण तीन घरचे असल्याचं दाखवून त्यांनी वीस-वीस पौंडांची तीन पोती आणली होती. तीन महिन्यांनी पुन्हा फोन, पोत्यांत सोंडे झाले म्हणून. सासूबाई म्हणाल्या, "कडुनिंबाचा पाला घाल." टेक्सासात पाला कुठला? शेवटी नातीनं तांदूळ फ्रीझरमध्ये कोंबला. आज्जी बराच वेळ स्क्रीनकडं बघत राहिल्या. "आणि भाज्या कुठं ठेवल्यास?"

फोन ठेवल्यावर त्या पुटपुटल्या, "भरपूर असतं तेव्हा भरायचं असतं." मग कोठीकडं गेल्या. जुनी ज्वारी तळाशी आली होती. खालच्या दारातून पसाभर काढली, उरलेली मूठ तशीच आत ठेवली. कोठी कधी कोरडी करायची नाही, नवी ज्वारी जुनीच्या अंगावर पडावी लागते.

असो. पोहे मोहरीशिवायच झाले. चहा झाल्यावर मी यादी घेऊन दुकानात गेले. दुकानदारानं पुडा काढता काढता तोंड वाकडं केलं.

"मोहरी वाढलीय की ओ, वैनी."

"आमच्याकडं पण," मी म्हटलं आणि पिशवी पुढं केली.