मॉनिटरपासून उलटं जुळवत आणलेला गेमिंग पीसी

बजेट पक्कं होतं, वाढणार नव्हतं. म्हणून ‘सगळ्यात भारी प्रोसेसर कुठला’ या प्रश्नात मी शिरलेच नाही. आधी मॉनिटर ठरवला: फुल एचडी, १४४ हर्ट्झ (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा). १९२० बाय १०८० म्हणजे एका फ्रेमला जवळपास २१ लाख पिक्सेल. १४४०पी (२५६० बाय १४४०) घेतला तर तोच आकडा ३७ लाखांच्या घरात जातो आणि तो सगळा भार ग्राफिक्स कार्डावर पडतो. मॉनिटर ठरला की कार्ड किती ताकदीचं हवं ते कळतं, आणि कार्ड ठरलं की बाकीचे पार्ट त्याच्यामागे येतात. माझी सगळी निवड याच क्रमाने झाली.

मॉनिटर वगळून उरलेल्या पैशांतले साधारण ४० टक्के कार्डासाठी बाजूला काढले. ४ जीबीची कार्डं स्वस्तात मिळत होती, पण ती मी यादीतून लगेच काढली. गेमचे टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रं) कार्डाच्या मेमरीत मावले नाहीत की ते साध्या रॅममधून ओढावे लागतात आणि खेळ मधेच अडखळतो. सरासरी एफपीएसमध्ये (सेकंदाला किती फ्रेम) हे नीट दिसत नाही, म्हणून मी प्रत्येक चाचणीत ‘१ टक्का लो’चा, म्हणजे सगळ्यात मंद १ टक्का फ्रेमचा आकडा बघत गेले. शेवटी रेडिऑन आरएक्स ६६०० घेतलं: ८ जीबी, १३२ वॅट, ८ पिनांचं एकच कनेक्टर.

प्रोसेसरसाठी रायझन ५ ५६०० की ५६००जी, यावर मात्र बराच वेळ घालवला. ‘जी’मध्ये ग्राफिक्स आतच असतं, म्हणजे कार्ड बिघडलं तरी स्क्रीन चालू राहते. पण त्याची एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) १६ एमबी, साध्या ५६००ची ३२. शिवाय कार्ड ज्या पीसीआयई मार्गाने प्रोसेसरशी बोलतं, त्याच्या ३.० या जुन्या, हळू आवृत्तीवरच ‘जी’ थांबतो; आणि हे कार्ड त्यातल्या फक्त आठच लेन वापरतं, म्हणजे मार्ग आणखी अरुंद. कार्ड घेणारच होते, त्यामुळे साधा ५६०० घेतला. एएम५ या नव्या प्रोसेसर सॉकेटचा मोह होता, पण त्याला डीडीआर५ ही नव्या पिढीची रॅमच लागते. बोर्ड आणि रॅम दोन्हींचा वाढीव खर्च कार्डातूनच कापावा लागला असता, आणि ते मला मान्य नव्हतं. बोर्ड बी५५० चिपसेटचा, ‘बायोस फ्लॅशबॅक’ असलेला. बायोस म्हणजे बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर; ते जुनं असलं तर नवा प्रोसेसर ओळखत नाही. जुन्या बायोसचा बोर्ड हातात आला तरी प्रोसेसर न बसवता पेनड्राइव्हवरून अपडेट करता येतं.

आता एसएमपीएस, म्हणजे सगळ्या पार्टना वीज पुरवणारं युनिट. स्क्रीनवर याच्यामुळे एक फ्रेमही वाढत नाही, म्हणून बजेट बिल्डमध्ये पहिली कात्री यालाच लागते. मला हे अजिबात पटत नाही. खोक्यावरचा मोठा आकडा सोडा, बाजूच्या लेबलवरचा तक्ता वाचा. एका ‘५०० वॅट’च्या युनिटवर १२ व्होल्टच्या रकान्यात ३० अँपिअर होते, म्हणजे ३६० वॅट. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही मुख्यतः १२ व्होल्टवरच चालतात, तेव्हा कामाचा आकडा तोच. मी घेतलेल्या ५५० वॅटच्या युनिटवर ४५ अँपिअर आहेत, म्हणजे ५४० वॅट. माझा पीसी एकूण तीनशेच्या आसपासच ओढेल, पण कार्डाचे क्षणिक झटके सोसायला जागा हवीच. ‘८० प्लस ब्राँझ’ फक्त वीज किती वाया जाते ते सांगतं. ओव्हरलोड किंवा शॉर्ट सर्किटपासून संरक्षण आहे का, ते वेगळं तपासावं लागतं.

कॅबिनेट पुढून जाळीचं, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, प्रोसेसरबरोबर आलेलाच कूलर. यात फार डोकं घालवलं नाही.

रॅम ८-८ जीबीच्या दोन स्टिक, ३२०० वेगाच्या. १६ ची एकच स्टिक घेतली असती तर ड्युअल चॅनेल (दोन स्टिकशी एकाच वेळी देवाणघेवाण) गेलं असतं, आणि रायझनवर तो फरक गेममध्ये जाणवतो. प्रोसेसरपासून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवल्या. पहिल्यांदा बायोस उघडला तेव्हा वेग २४०० दाखवत होता. एक्सएमपी (रॅमला तिच्या लिहिलेल्या वेगावर चालवणारी सेटिंग) चालू करून सेव्ह केल्यावर ३२०० झाला. ही एक सेटिंग राहिली तर पैसे भरलेला वेग मिळतच नाही. आता पैसे जमले की तशाच आणखी दोन स्टिक टाकायच्या आहेत; बोर्ड चार स्लॉटचा घेतला तो त्यासाठीच.