बिडाच्या तव्यातल्या बटाट्याच्या काचऱ्या: माझा अनुभव

काचऱ्यांना कसली आलीय रेसिपी, असं आमच्या घरात सगळेच म्हणतात. बटाटे चिरायचे, फोडणीला टाकायचे, परतायचे, झालं. मला हे कधीच पटलं नाही. गरम वरण-भात, वर तुपाची धार आणि शेजारी कडेने खरपूस, मधे मऊ अशा काचऱ्या, हे जेवण दमून घरी आलेल्या माणसाला जेवढं सुख देतं तेवढं चार भाज्यांचं ताटही देत नाही. पण कड खरपूस आणि मध मऊ, हे दोन्ही एकाच काचरीत आपोआप उतरत नाही. माझ्या सातारच्या मावशीच्या हातच्या काचऱ्यांत ते असायचं. गेल्या पावसाळ्यात मी ठरवलं, आता हे आपल्यालाही आलं पाहिजे, आणि तिला फोन लावला.

तिचा पहिला प्रश्न बटाट्याचा नव्हताच. "तवा कसला आहे तुझा?" मी म्हटलं, नॉनस्टिक. "मग तो घावनांना ठेव. काचऱ्यांना बिडाचा घे, जरा खोलगट."

तुळशीबागेतून तवा आणला. बीड म्हणजे ओतीव लोखंड. जाड, जड, तापायला वेळ घेणारं, पण एकदा तापलं की ती धग धरून ठेवणारं. काचऱ्यांना नेमकं हेच लागतं. अर्धा किलो गार बटाटा पातळ तव्यात एकदम पडला की तवा थंडावतो, बटाट्यातलं पाणी बाहेर येतं आणि ते उडून जायच्या आत बटाटा त्यातच शिजतो. खरपूस कड मग विसरायची.

नवा तवा लगेच वापरता येत नाही, तो आधी तयार करावा लागतो. घासून धुतला, गॅसवर कोरडा केला, शेंगदाणा तेलाचा हात फिरवला आणि जुन्या सुती फडक्याने इतका पुसला की तेल लावलंय असं वाटूही नये. मग धूर येईपर्यंत तापवला, गार होऊ दिला, आणि पुन्हा तेच. तेलाचा थर पातळच हवा. जाड थर चिकट राहतो, पातळ थर तापून कडक होतो आणि लोखंडाला धरून बसतो. शेवटी त्यात कांदा काळा होईस्तोवर परतून टाकून दिला. पहिले काही दिवस मी त्यावर फक्त थालीपिठं लावली, तेल सोडून. तवा हळूहळू काळाभोर, तुकतुकीत झाला.

आता बटाटा. मला सर्वांत जास्त शिकायला मिळालं ते इथे. मंडईत "इंदोरचा की तळेगावचा?" एवढंच विचारायची सवय होती. पण गावाच्या नावाइतकाच महत्त्वाचा असतो तो वाण, आणि वाणाहूनही महत्त्वाचं म्हणजे बटाटा आधी कुठे ठेवलेला होता. आपल्याकडच्या बहुतेक वाणांच्या नावामागे कुफरी लागतं, कारण सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचं संकराचं काम हिमाचलातल्या कुफरीला चालतं. कुफरी ज्योती 1968 सालचा, अजूनही भरपूर पिकतो. कुफरी पुखराज लवकर येतो, पण त्यात पाणी जास्त. रस्सा भाजीला छान, काचऱ्यांना ढिला. वेफर्ससाठी काढलेला चिपसोना मात्र काचऱ्यांना फार चांगला. त्यात घन भाग 20 टक्क्यांच्या वर असतो आणि साखर कमी, म्हणून तो सोनेरी होतो, काळा पडत नाही.

या साखरेचीच खरी गोम आहे. खाण्याचा बटाटा शीतगृहात साधारण 2 ते 4 अंश तापमानाला ठेवतात. इतक्या थंडीत बटाट्यातल्या पिठाची हळूहळू साखर होते. असा बटाटा तव्यात टाकला की आतून शिजायच्या आधीच बाहेरून काळपट होतो आणि चवीला गोडसर लागतो. गॅस कितीही कमी करा, गोडी जात नाही. उपाय आहे, पण वेळ काढायचा: असे बटाटे आणून टोपलीत, अंधाऱ्या, हवेशीर जागी आठ-पंधरा दिवस तसेच ठेवायचे. बरीचशी साखर परत पिठात जाते. मी आता बटाटे असेच आधी आणून ठेवते, आणि फ्रिजमध्ये तर कधीच ठेवत नाही, कारण घरच्या फ्रिजातही तेच घडतं. हिरवट झालेला बटाटा सरळ टाकून देते.

अगदी नवा, अंगठ्याने साल निघेल असा बटाटा पाहिला की मोह होतो. तो उकडून तूप-मीठ लावून खावा. काचऱ्यांना जुना बटाटा.

चिरण्याचं लवकर सांगते. बटाटा उभा चार भागांत कापायचा आणि मग आडव्या पातळ काचऱ्या, दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या, सगळ्या सारख्या. मी अजून विळीवरच चिरते, हात बसलेला आहे. साल ठेवली तरी चालते, मला आवडते. मग पाण्यात दहा मिनिटं. पाणी दुधासारखं पांढरं होतं, ते सुटं पीठ. ते तसंच राहिलं तर काचऱ्या एकमेकींना चिकटतात आणि तव्यालाही. निथळून पंचावर पसरायच्या आणि टिपून कोरड्या करायच्या. ही पायरी बहुतेक जण गाळतात. गाळू नये.

तवा मध्यम आचेवर चांगली पाच मिनिटं तापू द्यायचा. पाण्याचा थेंब टाकला तर तो गोळी होऊन पळाला पाहिजे. मग तेल, अर्ध्या किलोला तीन मोठे चमचे. मावशीचं म्हणणं, "तेलाला हात आखडायचा असेल तर दुधी कर." मोहरी तडतडली की हिंग, कढीपत्ता, आणि गॅस बंद करून हळद. बिडाच्या धगीत हळद क्षणात करपते, म्हणून गॅस बंद. लगेच काचऱ्या टाकायच्या, वरखाली करायच्या, पुन्हा गॅस लावायचा आणि झाकण.

इथून पुढे मी कानांवर विसंबते. सुरुवातीला चर्र असा मोठा आवाज येतो. झाकणाखाली तो दबतो, ओला होतो, फसफस असा. पाचेक मिनिटांनी झाकण काढलं की वाफेचा लोट येतो, आणि झाकणाला धरलेलं पाणी तव्यात सांडू न देता बाजूला नेऊन झटकायचं. काचरी या वेळी पिवळसर, जरा पारदर्शक दिसते, बोटाने दाबली तर तुटते पण आत किंचित दम असतो. तेवढंच शिजवायचं. आता मीठ. आधी घातलं तर पाणी सुटतं.

यानंतर झाकण नाही. आणि उलथनंही नाही. मला हेच सर्वांत अवघड गेलं, कारण गॅसपाशी उभं राहिलं की हात आपोआप चाळवतो. फोन स्पीकरवर होता, उलथन्याचा आवाज मावशीला ऐकू गेला. "अगं, ठेव ते खाली. जरा बसू दे त्याला तव्यावर." तीन-चार मिनिटं काही करायचं नाही. काचरी तव्याला धरते, खालचा भाग सुकतो, लाल होतो आणि मग स्वतःच सुटते. ओढून काढावी लागत असेल तर तिची वेळ झालेली नाही. सुटली की उलथनं खालपर्यंत सरकवून पूर्ण थर उचलून उलटायचा, पुन्हा थांबायचं. दोन-तीन वेळा असं केलं की ओला आवाज बदलून कोरडा, कुरकुर असा येऊ लागतो. कडेला तेल सुटलेलं दिसतं. काचरीच्या कडा तपकिरी होतात, मध्यभाग पिवळाच राहतो. तिखट या टप्प्यावर, शेवटच्या मिनिटाला.

गूळ-साखर मी घालत नाही, चांगल्या बटाट्याला स्वतःची गोडी पुरेशी असते. ओलं खोबरं तर नकोच. एवढ्या निगुतीने आणलेला कुरकुरीतपणा खोबऱ्याच्या ओलाव्याने जातो. कोथिंबीर हवी तर पानात वाढल्यावर. लिंबूही पानातच, कारण आंबट बिडाच्या तव्यावरचा थर खातं. त्याच कारणाने टोमॅटो, चिंच, कोकम या तव्यात कधी शिजवू नये. आणि झालेल्या काचऱ्या तव्यात ठेवून द्यायच्या नाहीत, ताबडतोब ताटलीत काढायच्या. तव्यात राहिल्या की खालून धग लागतच राहते, आणि बराच वेळ राहिल्या तर रंगही काळपट होतो. तवा कोमट असतानाच धुवून, गॅसवर कोरडा करून, तेलाचं बोट फिरवून ठेवायचा.

उपासाला याच तव्यात तूप-जिरं-मिरचीवर करते, हळद-हिंग वगळून, उतरवताना दाण्याचं कूट. माझ्या मते त्या तर रोजच्यापेक्षाही चांगल्या होतात, तुपाने कडा अधिक खुलतात.

एक गोष्ट प्रमाणाची. दहा इंची तव्यात अर्ध्या किलोच्या वर बटाटा घालू नये. काचऱ्यांचा थर दोन बोटांपेक्षा जाड झाला की वाफ आत अडकते आणि भाजी होते, काचऱ्या होत नाहीत. आमच्याकडे मुलं घरी असली की अर्धा किलो पुरत नाही, म्हणून मी दोन खेपा करते. दुसऱ्या खेपेला तवा आधीच तापलेला असतो, त्यामुळे गॅस थोडा कमी ठेवते. जेवायला बसताना पहिली खेप वाढायची, दुसरी गॅसवर, आणि वरणाचा दुसरा भात होईस्तोवर ती तयार.