आमची वाटचाल: कोड ठेवायचा कुठं?

२०१२ साली सांगलीत, एका खोलीत आम्ही दोघा भागीदारांनी जुन्या फाँटमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारा कन्व्हर्टर लिहायला घेतला. यातली खरी मारामारी पहिली वेलांटी आणि रफाराची. जुन्या फाँटात वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली, युनिकोडात नंतर. रफाराचं नेमकं उलटं. 'कार्तिकी'त तर दोन्ही एकाच 'त'वर! गणपती पेठेतले प्रेसवाले काका, आमचं पहिलं गिऱ्हाईक, प्रूफावर लाल पेनानं गोल करून सांगायचे, "रफार परत पळाला बघा." त्यांनी दाखवलेली प्रत्येक चूक आम्ही इश्यूत, म्हणजे प्रोजेक्टच्या पानावरच्या तक्रारवहीत, नोंदवायचो.

कन्व्हर्टरचा कोड जीपीएल या खुल्या परवान्याखाली सगळ्यांना खुला, पैसे सेवेचे. ठेवला एका मोठ्या, फुकट होस्टवर, म्हणजे कोड ठेवायला जागा देणाऱ्या साइटवर. मार्च २०१५ मध्ये गूगल कोड ही गूगलची तशीच साइट बंद होणार असं जाहीर झालं, तेव्हाच जागं व्हायला हवं होतं. नाही झालो.

२०१९. सोमवारी सकाळी पान उघडलं तर प्रोजेक्ट गायब. ज्या कंपनीनं आमचाच कोड उचलला, वरच्या कॉपीराइटच्या ओळी खरवडल्या आणि डबाबंद करून विकला, तिनंच अमेरिकेच्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्याखाली तक्रार केली होती की कोड त्यांचा! होस्टनं आधी काढला, मग कळवलं. आम्ही प्रतिनोटीस दिली; पण त्यानंतरही कायद्यानं कामकाजाचे किमान १० दिवस थांबावं लागतं. त्याच दिवसांत एका संस्थेचं ठरत आलेलं काम हातचं गेलं. दोन मुलांचे पगार थकले. ते अजून विसरलेलो नाही.

कोड मात्र शाबूत होता. कोडमधले बदल सांभाळणाऱ्या गिट या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक क्लोनमध्ये, म्हणजे उतरवून घेतलेल्या प्रतीत, सगळा इतिहास असतो, आणि प्रत्येक कमिटच्या, म्हणजे नोंदवलेल्या बदलाच्या, हॅशमध्ये (त्याच्या आकडेरूपी ठशात) मागच्याचा हॅश गुंफलेला. आमची २०१२ पासूनची साखळी त्यांना कुठून आणता येणार होती? त्या मुदतीत त्यांनी कोर्टाची पायरी चढलीच नाही, म्हणून प्रोजेक्ट परत आला. त्यांचा डबा आजही विकला जातो.

त्या दिवसांत अडकले होते ते इश्यू. ते गिटमध्ये नसतात, होस्टच्या डेटाबेसात असतात. सात वर्षांच्या चुका कुलपात! काकांना कळलं तसे ते जुन्या प्रूफांचा गठ्ठा स्कूटरवर घालून आले.

नव्यानं सुरू करणाऱ्यांनो, प्रोजेक्टचा पत्ता स्वतःच्या डोमेनचाच (स्वतःच्या नावावरच्या वेब-पत्त्याचाच) द्या. होस्ट बदलला तरी लोक तिथंच येतील. मोठ्या होस्टवर मिरर, म्हणजे कोडची जुळी प्रत, जरूर ठेवा, माणसं तिथंच शोधतात. इश्यूंचा बॅकअप दर आठवड्याला घ्या, ठरल्या वेळी काम आपोआप करणारा क्रॉन लावून. सर्व्हर सांभाळायला माणूस नसेल तर बर्लिनच्या संस्थेचं कोडबर्ग हे होस्ट बघा, ती संस्था सभासदांच्या वर्गणी-देणग्यांवर चालते.

आम्ही तेव्हाच, प्रोजेक्ट परत यायची वाट न बघता, स्वतःच्या सर्व्हरवर गिटी हे होस्ट चालवायचं सॉफ्टवेअर चढवलं आणि प्रूफं समोर ठेवून इश्यू पुन्हा टाइप केले. काका शेजारी बसून पानं उलटत होते. इश्यू क्रमांक १: 'कार्तिकी'.