तळ्याला रकाना एकच

देवगड-राजापूर पट्ट्यातल्या आमच्या चार गावांत कुठल्या तळ्यात मासे सोडता येतील, हे उपग्रहाच्या चित्रांवरून काढायचं आम्ही ठरवलं. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात. त्यातला एक ठिपका १० बाय १० मीटरचा, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. ठिपके मोजले की गुंठे हातात! पाणी अवरक्त प्रकाश शोषून घेतं, म्हणून हिरव्या प्रकाशाच्या पट्ट्याशी तुलना केली की ते वेगळं उठून दिसतं. क्यूजीआयएस या नकाशांच्या फुकट सॉफ्टवेअरवर दोन संध्याकाळी पुरल्या.

अडलं ते कार्यालयात. तळ्यात मासे सोडण्यासाठीच्या अर्जात ‘जलक्षेत्र’ असा एकच रकाना. सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या पठारावरचं, मोठं तळं ऑक्टोबरात ६३ ठिपके, मार्चअखेर ११. मी दोन्ही आकडे लिहिले. “एकच लिहा,” म्हणून अर्ज परत. मग मार्चचा लिहिला, तर जुन्या नोंदीशी मेळ बसत नाही म्हणून परत. तिसऱ्या खेपेला साहेब दौऱ्यावर. एसटीने जाऊन-येऊन दर वेळी अख्खा दिवस मोडायचा. अजून आठवलं की संताप होतो, कारण हा कागदाचा घोळ नाही. रोहू-कटला विकण्याजोगा व्हायला दहा-बारा महिने लागतात. भरल्या तळ्याच्या आकड्यावर मत्स्यबीज सोडलं, की शिमग्यानंतर पाणी आटतं. आमच्या काकांच्या तळ्यात हेच झालं. पहाटे मासे पाण्यावर तोंडं काढून श्वासासाठी धडपडत होते, आणि आठवड्यात सगळे गेले.

चौथ्या खेपेला समोरच्या बाईंनीच वाट दाखवली: ऑक्टोबरचा आकडा रकान्यात, उन्हाळ्याचा शेवटच्या ‘शेरा’मध्ये, सोबत दोन्ही चित्रं. अर्ज घेतला गेला. तुम्ही पहिल्याच दिवशी तसं करा.

आणि हो, जून ते सप्टेंबर ढगांमुळे काही दिसत नाही. तेव्हा रडारवाला सेंटिनेल-१ वापरा. कमळांनी झाकलेलं एक तळं आमच्या नकाशातून साफ सुटलं होतं, ते गुराख्याने दाखवलं. माडांखालचा काठही चित्रात हरवतो. चार-पाच ठिपक्यांच्या तळ्याभोवती तर काठ मोजायला मोबाइल घेऊन स्वतः फेरी मारा.

सड्यावरच्या त्या तळ्यात आता फक्त बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) वाढवायची आणि डिसेंबरच्या आत विकायची, असं ठरलंय.