सात नंबरची खोली

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी सात नंबरच्या खोलीतली घंटा वाजली.

मी तेव्हा अमेरिकेत बाल्टिमोरमधल्या एका संशोधन वॉर्डात नर्स होते. कॉलऱ्याच्या लशीची चाचणी चालू होती. धडधाकट तरुण स्वयंसेवकांपैकी काहींना लस दिलेली, काहींना नुसतंच पाणी. कोणाला काय मिळालंय हे त्यांना ठाऊक नव्हतं, आम्हालाही नव्हतं. पुढे सगळ्यांनी कॉलऱ्याचे जिवंत जंतू प्यायचे, साधारण एक लाख. तेही खायच्या सोड्याच्या पाण्यातून, कारण एरवी पोटातल्या आम्लात ते मरून जातात. आधी दीड तास आणि नंतर दीड तास तोंडात काही घालायचं नाही. आमच्याकडचा जंतू 1970च्या दशकात बांगलादेशातल्या एका रुग्णाकडून मिळवलेला होता.

आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती दचकलीच. "अगं, माणसांना पटकी पाजता तुम्ही?"

तिचं दचकणं मला कळत होतं. आमच्या मिरजेकडच्या गावात पटकी आता शिवीपुरतीच उरली आहे, पण आजीचे दोन भाऊ तिनेच नेले, एक सकाळी आणि एक दिवेलागणीला. गावाने मरीआईचा गाडा ओढत शिवेपार नेऊन सोडला होता. आजी हे सांगताना नेहमी आवाज खाली आणायची.

मी आईला म्हटलं, हा आजार आता ओळखीचा आहे, म्हणूनच हे करता येतं. अंगातलं पाणी जाईल तेवढं भरत राहिलं आणि वेळेवर जंतू मारणारी अँटिबायोटिकची गोळी दिली, की माणूस उठून बसतो. 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीसांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांवरून चारच्या खाली आणलं होतं. इलाज हातात नसता, तर मी त्या वॉर्डात पाऊलही ठेवलं नसतं.

तर सात नंबर. पस्तिशीच्या आतला माणूस, मालवाहू गाडी चालवायचा. का आलास, असं पहिल्याच दिवशी विचारलं, तर सरळ म्हणाला, "घरभाडं थकलंय." मला त्याचा हा खरेपणा आवडला. पैशासाठी आला म्हणून त्याला कमी समजावं, असं मला कधी वाटलं नाही. मात्र चाचणीच्या माहितीवरच्या प्रश्नपत्रिकेत तो एका उत्तराला अडला, तेव्हा मी पुन्हा पहिल्यापासून सगळं समजावलं. पैशाची नड असलेल्या माणसाला धोका नीट कळलाय ना, हे दोनदा बघावं लागतं.

जंतू पिऊन चाळीस तास होत आले होते. कमोडवर बसवलेलं भांडं मी उचललं. आत भाताच्या पेजेसारखं पांढुरकं पाणी, वास जवळपास नाहीच. 420 ग्रॅम. अर्ध्या तासाने पुन्हा तेवढंच. प्रत्येक भांडं मोजायचं, लिहायचं आणि तितकंच ओआरएस पाजायचं. चारच्या सुमारास उलटी झाली आणि पाणी पोटात ठरेना, तेव्हा मी डॉक्टरांना उठवलं आणि सलाइन लावलं. त्याच्या पोटऱ्यांत गोळे येत होते. मी ते चोळत बसले.

तेव्हा त्याने विचारलं, "आत्ता गोळी मागितली, तर तुमचा अभ्यास बिघडेल का?"

मी गप्प झाले. खरं उत्तर 'थोडा बिघडेल' असं होतं. एकूण जुलाब तीन लिटरवर गेले की आजार मध्यम, पाचवर गेले की तीव्र, असे आमचे निकष. तो तिनाच्या जवळ आला होता. लस खरंच वाचवते का, हे ठरतं ते लस मिळालेल्यांना किती त्रास झाला आणि न मिळालेल्यांना किती, त्यावर. त्यातलाच एक आकडा मी हातात धरून बसले होते. पण आजारी माणसाच्या डोक्यावर मी आमची गरज कशी ठेवणार?

म्हटलं, "थोडा फरक पडेल. पण ती काळजी तुमची नाही. तुम्ही मागितलीत तर डॉक्टर या क्षणी देतील, आणि कोणी रागावणार नाही."

तो बराच वेळ छताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "अर्धा तास बघू."

पुढच्या भांड्याला तीन लिटर ओलांडले. नियमाप्रमाणे डॉक्टरांनी तिथेच गोळी दिली. दुपारपर्यंत तो सूप पीत होता. शौचाच्या दोन तपासण्या लागोपाठ स्वच्छ येईपर्यंत त्याला वॉर्डातच राहावं लागलं, आणि त्याची कुरकुर चालू होती ती फक्त मुलगी आठवते म्हणून.

वॅक्सकोरा ही कॉलऱ्याची लस अमेरिकेत 2016 साली मंजूर झाली, ती मुख्यतः अशाच एका चाचणीच्या आधारावर. लस घेऊन दहा दिवसांनी जंतू प्यायलेल्यांत तिने 90 टक्के संरक्षण दिलं, तीन महिन्यांनी 80 टक्के. असे आकडे वाचले की मला ते भांडं आणि तो काटा दिसतो.

सात नंबर कोणत्या गटात होता, ते मला कधी कळलं नाही. निघताना त्याने ओआरएसची दोन पाकिटं मागून घेतली. मुलगी सहा वर्षांची आहे, म्हणाला, तिचं पोट कधी बिघडलं तर घरात असावीत. मी चार दिली आणि एका पाकिटाला पाणी किती, ते त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.