सुट्ट्यांसाठी लाकडाच्या भेटी: आठ आठवड्यांची नोंद (काम चालू)

आठ आठवडे बाकी

या वेळी लवकर हात घातलाय. गेल्या वर्षी शेवटच्या दहा दिवसांत नऊ वस्तू करायला घेतल्या, झाल्या सगळ्या, पण त्यातल्या चार तेल पूर्ण वाळायच्या आतच कागदात गुंडाळून द्याव्या लागल्या आणि मावशीच्या चॉपिंग बोर्डवर त्या कागदाचे ठसे कायमचे उमटले. तिने काही म्हटलं नाही, रोज वापरते, पण मला दर वेळी ते ठसेच दिसतात.

म्हणून यंदा आधी वही घेऊन बसले आणि प्रत्येक वस्तूपुढे दोन रकाने केले, एक माझ्या हाताचा वेळ आणि दुसरा लाकडाचा वेळ, म्हणजे वाळणं, डिंक धरणं, तेल मुरणं. उलथणं करायला मला तीन तास लागतात पण ओल्या लाकडाचं असेल तर वाळायला दोन आठवडे, वर तेलाचे दिवस वेगळे. पेन्सिल स्टँड मात्र एका संध्याकाळी होतो. त्यामुळे क्रम असा लावलाय की ज्यात थांबावं जास्त लागतं ते आधी, अवघड असो की सोपं. हे मला तीन वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

यादी अशी आहे: पाच उलथणी, दोन चॉपिंग बोर्ड, ताईसाठी झाकणाची पेटी, तिच्या दोन वर्षांच्या मुलाला गाडी, बाबांना पेन्सिल स्टँड आणि उरलेल्या पातळ पट्ट्यांचे बुकमार्क जितके होतील तितके.

लाकूड बहुतेक तुकड्यांच्या खोक्यातलंच आहे, सागाचे नि बीचचे. पॅलेटच्या दोन फळ्याही मिळाल्यात. पॅलेटचं लाकूड घेताना त्यावरचा शिक्का आधी बघा, गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह असतं आणि शेजारी अक्षरं, ‘एचटी’ असेल तर लाकूड तापवलेलं असतं (गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस, सलग ३० मिनिटं), ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ते घरात आणूच नका. माझ्या दोन्ही फळ्या एचटी आहेत पण तरी मी त्या स्वयंपाकाच्या किंवा लहान मुलांच्या वस्तूंना वापरणार नाही कारण त्या पॅलेटवर आधी काय काय सांडलं असेल कोण जाणे. त्यांचा पेन्सिल स्टँड होईल.

सात आठवडे

शेजारच्यांनी झाडाची छाटणी केली, मनगटापेक्षा थोड्या जाड अशा तीन फांद्या मागून घेतल्या. ओल्या लाकडात चाकू असा चालतो की सुक्या लाकडावर परत जावंसं वाटत नाही. फांदी उभी फोडली, करवतीने कापली नाही, कारण फोडली की ती स्वतःच्या रेषांवरून फुटते आणि दांडा त्याच रेषांतून निघाला की तो सहसा मोडत नाही. मधलं भेंड, म्हणजे फांदीच्या अगदी मधोमध असतो तो मऊ गाभा, पूर्ण काढून टाकलं. हे अजिबात टाळू नका. लाकूड वाळताना वर्षवलयांच्या दिशेने जेवढं आकसतं त्याच्या साधारण निम्मंच ते मधून सालीकडे जाणाऱ्या दिशेने आकसतं, म्हणून अख्खी गोल फांदी वाळवली की तिला ताण सहन होत नाही आणि भेंडापासून सालीपर्यंत चीर जाते. भेंड काढून अर्धी केली की लाकडाला आकसायला जागा मिळते.

पाचही उलथणी तीन संध्याकाळी मिळून कोरली, साधारण आकार आणला आणि अंगठ्याने चाचपून जाडी शक्य तितकी सारखी केली, कुठे जाड कुठे पातळ राहिलं की पातळ भाग आधी वाळतो आणि जाड भागाला ओढतो. मग त्याच्याच ढलप्यांसकट कागदी पिशवीत घालून थंड खोलीत ठेवली.

आता वाळलं हे कसं कळणार, तर वजन. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक उलथणं ठेवते नि वहीत लिहिते. पहिल्या दिवशी ८८ ग्रॅम.

सहा आठवडे

उलथणं पाचव्या दिवशी ६६ ग्रॅम, दहाव्या दिवशी ५७.

एक गेलं. पाचातलं एक मी पिशवीबाहेर काढून पंख्याखाली ठेवलं, लवकर वाळलं तर त्यावर तेलाचा प्रयोग करून बघता येईल म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी दांड्याच्या टोकाला दोन बोटं लांब चीर. लाकडातलं पाणी बाजूंपेक्षा टोकाच्या कापातून कितीतरी वेगाने बाहेर पडतं (झाडात पाणी वर नेणाऱ्या नळ्या तिथेच उघड्या पडलेल्या असतात ना), तर टोक आकसलं आणि मधला भाग अजून फुगलेलाच होता. मला खूप वाईट वाटलं कारण त्याच्या पात्याचा बाक सगळ्यांत छान जमला होता. चिरलेला भाग कापून त्याचं आखूड उलथणं केलंय, छोट्या भांड्यासाठी, आईला देईन. बाकीच्यांच्या टोकांना आता मेण चोळलंय.

दरम्यान बोर्डच्या पट्ट्यांना हात लावला. बीच आणि साग आलटून पालटून, प्रत्येक बोर्डला सात पट्ट्या. माझ्याकडे मशीन नाही, बाबांचा जुना रंधा आहे, आणि पट्टीची कड हाताने अगदी काटकोनात आणणं फार कठीण जातं. पण एक युक्ती आहे जी सगळ्यांनी करावी: ज्या दोन पट्ट्या एकमेकींना चिकटणार त्या पुस्तक मिटल्यासारख्या समोरासमोर मिटवायच्या, शिकंजात एकत्र धरायच्या आणि दोन्ही कडांवरून एकदमच रंधा मारायचा. रंधा एका बाजूला किंचित कलला तरी एका कडेला जेवढा कोन कमी तेवढाच दुसरीला जास्त होतो आणि उघडून शेजारी ठेवल्या की सांधा सपाट बसतो. मी तरीही गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून बघते पण आता त्याची तेवढी धास्ती नसते.

रंध्याची धार मात्र हवीच. बोथट पात्याने कडेचे रेषे दबतात, कापले जात नाहीत, आणि असा दबलेला सांधा नंतर ओल लागली की फुगतो.

पाच आठवडे

पहिला बोर्ड चिकटवला. पाण्याला टिकणारा ग्लू, पातळ थर, दोन्ही कडांना. क्लॅम्प (पट्ट्या दाबून धरणारे शिकंजे) इतकेच आवळायचे की सांध्यातून बारीक मण्यांसारखा ग्लू बाहेर आला पाहिजे, खूप आवळला तर सगळा ग्लूच बाहेर जातो. क्लॅम्प एक खाली एक वर असे लावले, सगळे एकाच बाजूला लावले की बोर्ड वाटीसारखा वाकतो.

तासाभराने क्लॅम्प काढता येतात पण रंधा लगेच मारू नका, प्लीज. ग्लूमधलं पाणी सांध्यालगतच्या लाकडात शिरून ते थोडं फुगवतं, अशा फुगलेल्या अवस्थेत सपाट केलं तर आठवड्याने पाणी उडून गेल्यावर प्रत्येक सांध्यावर बारीक खळी पडते, आधी दिसत नाही, तेल लावलं की दिसते. मी आता दोन दिवस उभा ठेवते, दोन्ही बाजूंना हवा लागेल असा. लाकडाच्या वेळेच्या रकान्यात हे दोन दिवस आधीच लिहिलेले असले की घाई होत नाही.

उलथणं तेराव्या दिवशी ५६, चौदाव्या दिवशी ५६, पंधराव्या दिवशी ५६. वाळलं!

चार आठवडे

पेटी. इथे एक चूक झाली ती नीट लिहिते म्हणजे तुमची होणार नाही. तळाला मी सागाची अख्खी पातळ फळी घेतली आणि चारही बाजूंना ग्लू लावून पक्की बसवली, छान दिसत होती. आठ-नऊ दिवस हवा एकदम कोरडी झाली आणि तळ मधोमध फाटला, टक्क असा आवाजही आला म्हणे, मी घरी नव्हते. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही पण रुंदीत दमट-कोरड्या हवेप्रमाणे फुगतं-आकसतं आणि मी त्याला हलायला जागाच ठेवली नव्हती. बरोबर पद्धत म्हणजे चारही बाजूंच्या आतून खाच काढायची, तळाची फळी त्यात कोरडीच सरकवायची, ग्लू न लावता, आणि खाचेत थोडी मोकळी जागा सोडायची. माझी पेटी आधीच चिकटवलेली होती म्हणून तळ कोरून काढला आणि प्लायवुड बसवलं, प्लायचे थर एकमेकांना आडवे असतात त्यामुळे ते हलत नाही, त्याला चारही बाजूंनी ग्लू चालतो. ताईला फरक कळणार नाही, पण तिला सांगणार आहे, तिलाही हे शिकायचंय.

पेन्सिल स्टँड झाला. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, पॅलेटच्या फळ्यांचा ठोकळा केला नि भोकं पाडली.

तीन आठवडे

गाडी. हिच्यावर सगळ्यांत जास्त जीव लावलाय. तीन वर्षांच्या आतल्या मुलांच्या खेळण्यातला कुठलाही सुटा तुकडा घशात अडकण्याइतका लहान नसावा, त्यासाठी खेळणी तपासणारे एक छोटं नळकांडं वापरतात, आतला व्यास ३१.७ मिमी, तळ तिरका, खोली एका बाजूला २५.४ आणि दुसऱ्या बाजूला ५७.१ मिमी. जे त्यात पूर्ण मावतं ते बाद. म्हणून चाकं ४५ मिमीची घेतली, ती त्यात जातच नाहीत. आसाची दांडी मात्र ८ मिमीची आहे, ती सुटली तर अडचण, म्हणून चाक आसावर फिरेल असं न करता चाकं आसाला पक्की चिकटवली आणि आस गाडीच्या पोटातल्या ९ मिमीच्या भोकात फिरतो. तशीच एक जोडी जास्तीची करून ती पक्कडीने ओढून, पिळून तोडून पाहिली, चाकाचं लाकूड तुटलं पण सांधा सुटला नाही. तेव्हा कुठे समाधान झालं. दोरी लावली नाही, एवढ्या लहान मुलाच्या गळ्यात अडकू शकते.

पॉलिश पेपर ८०, १२०, १८०, २४० असा क्रमाने (आकडा मोठा तितका पेपर बारीक), मधला टप्पा गाळला तर आधीच्या पेपरचे ओरखडे राहतातच. अंधार करून टॉर्च लाकडावर आडवी धरली की लपलेले सगळे ओरखडे सावलीसकट दिसतात. शेवटच्या पेपरनंतर ओल्या फडक्याने पुसायचं, दबलेले रेषे उभे राहतात, वाळू द्यायचं आणि २४० नेच हलका हात फिरवायचा, म्हणजे पुढे वापरताना पाणी लागलं तरी वस्तू खरखरीत होत नाही. बोर्ड आणि उलथण्यांना हे दोनदा केलं.

आणि मास्क लावाच. लाकडाचा भुसा कर्करोगकारक म्हणून जागतिक पातळीवर १९९५ पासून पहिल्या गटात धरलेला आहे, तो गट म्हणजे ज्याबद्दल पुरेसा पुरावा आहे असा. सागाच्या, शिसवाच्या भुशाने काहींना खाज, शिंकाही येतात. मी घासण्याचं सगळं काम बाहेर करते आणि नंतर ओल्या फडक्याने पुसते, झाडू मारला की बारीक भुसा परत हवेत उडतो.

अडीच आठवडे

तेल सुरू. बोर्डना मिनरल ऑइल, खाण्याच्या वस्तूंना चालणारं. ते वाळत नाही, नुसतं मुरतं, त्यामुळे धुऊन धुऊन निघून जातं आणि महिन्याकाठी परत लावावं लागतं, बोर्डसोबत छोटी बाटली आणि चिठ्ठी देणार. उलथण्यांना कच्चं जवसाचं तेल, हे हवेतला ऑक्सिजन घेऊन खरंच घट्ट होतं पण फार सावकाश, एकेका हाताला बरेच दिवस धरून चाला. डब्यावर ‘बॉइल्ड’ लिहिलेलं जवस तेल लवकर वाळतं खरं, पण ते बहुतेक वेळा उकळलेलं नसतं, त्यात धातूंचे ड्रायर घातलेले असतात, म्हणून तोंडाशी जाणाऱ्या वस्तूला मी ते लावत नाही. गाडीला काहीच लावलं नाही, नुसतं लाकूड.

जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल घट्ट होताना उष्णता सोडतं, फडक्याच्या घडीत ती कोंडते आणि काही तासांनी फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. एकेक फडकं उघडं करून बाहेर दोरीवर, पूर्ण कडक होईपर्यंत, नाहीतर पाण्यात बुडवून. घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवलंय.

आत्ता, दोन आठवडे बाकी

एक बोर्ड तयार, दुसऱ्याला तिसरा हात बाकी. चार उलथणी नि आईचं आखूड, पहिला हात वाळून बोटाला कोरडा लागतोय, आज दुसरा दिला. जवसाने लाकडाचा रंग मधासारखा झालाय आणि फांदीतल्या एका गाठीभोवतीच्या रेषा इतक्या सुंदर फिरल्यात की ते उलथणं कुणाला द्यावं हे अजून ठरत नाहीये. पेटीच्या झाकणाची बिजागरी उद्या. बुकमार्क सहा झाले, अजून चार होतील, सागाची २ मिमीची पट्टी पुस्तकाला जाड पडते म्हणून रंध्याने १ वर आणतेय, तेवढी पातळ झाली की ती उजेडासमोर धरल्यावर किंचित लाल दिसते.

गुंडाळायला या वेळी सुती कापड घेतलंय. शेवटचे चार दिवस वहीत मुद्दाम मोकळे ठेवलेत, त्या दिवसांत कुठल्याही वस्तूला हात लावायचा नाही, सगळ्या फळीवर उघड्या राहतील.